वाडीच्या बैठकीत मिटवलेली मारहाण खरंच मिटते का?

सड्यावरची
आमच्या गुहागरकडे नवरा-बायकोचं प्रकरण आधी वाडीच्या बैठकीत जातं. "पुन्हा हात उचलणार नाही" असं त्याच्याकडून वदवून घेतात आणि प्रकरण मिटलं म्हणतात. माझ्या मते मारहाण वाडीने मिटवूच नये. बैठक विचारते, "रक्त आलं का? हाड मोडलं का?" गळा दाबला होता का, हे कुणी विचारत नाही. त्याचा वळ बरेचदा उमटतही नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात मात्र दिसलंय की नवऱ्याने एकदा गळा आवळला की पुढे त्याच्याच हातून तिचा खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आमच्याकडे ती "थोडी धक्काबुक्की". मोबाइल काढून घेणं, माहेरी न पाठवणं, मासळी विकून आलेले पैसे हिसकावणं, हे तर खिजगणतीतही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ आणि पैशांची अडवणूकसुद्धा हिंसाच आहे.

बंदरकर
लिहायला सोपं आहे. तीन दिवसांत पहिली तारीख आणि ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात दिवसाची मजुरी बुडवून, एसटीची वाट बघत किती खेपा घालायच्या तिने? बैठकीत चार म्हातारे डोळे वटारतात, तो वचकून राहतो. आणि जून-जुलैत मासेमारी बंद, हातात पैसा नाही, त्यात दारू. हेही बघा.

सड्यावरची
बंदीत पिऊन तो बोटमालकाला का मारत नाही? तिथे बरोबर शुद्धीवर असतो.

चाकरमानी_परळ
दुसरी बाजू कोण मांडणार? आमच्या नात्यात ४९८अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम लागलं, मुंबईत राहणाऱ्या नणंदेचंही नाव घातलं. उगाच नाही सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सरसकट अटक करू नका म्हणून पोलिसांना बजावलं.

सड्यावरची
ते फौजदारी कलम, आता न्याय संहितेत ८५. मी म्हणतेय तो २००५ चा कायदा वेगळा. त्यात संरक्षण आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे मिळतात. तुरुंगाचा प्रश्न आदेश मोडला तर.

नर्स_दापोली
दोघंही बैठकीपर्यंत पोचलेल्या बायकांबद्दल बोलताय. आमच्याकडे येते ती "विहिरीवर पाय घसरला" सांगत. घसरलेल्या बाईचे तळवे आणि गुडघे खरचटतात. हिचे तळवे साफ, आणि वळ कोपरापासून मनगटापर्यंत, करंगळीच्या बाजूला. म्हणजे डोकं वाचवायला हात आडवे धरलेले. केसपेपरवर मात्र ती "पडले" असंच लिहायला सांगते, कारण सासू शेजारी उभी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायकांनी कधी मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. आता सासूला आधी बाहेर बसवते, मग विचारते. सगळ्या बोलत नाहीत.

मालवणी_खवय्यो
ह्या सगळा खरा, पण त्या कायद्याखाली बाईक मदत करणारो संरक्षण अधिकारी खंय बसता ता वाडीत कोणाक म्हायत आसा?

बंदरकर
तेच तर. बैठक बंद केलीत तर उरलेल्या बायकाही गप्प बसतील. आणि आमच्या बैठकीत आता सरपंचबाई असतात.

सड्यावरची
त्या बोलतात, की त्यांचे मिस्टर?