मदत हवी आहे: अमेरिकेतल्या तेल-वायू विहिरींच्या नव्या सर्चमध्ये एपीआय नंबर टाकला की एकही नोंद येत नाही

अंबड_लिंकरोड:
सरकारी रेकॉर्डची साइट नव्या रूपात आल्यापासून माझे जुने बुकमार्क उघडत नाहीत. ग्राहकाने एक्सेलमध्ये विहिरींची यादी दिली आहे. त्यातला एपीआय नंबर (प्रत्येक विहिरीचा ओळख क्रमांक) जसाच्या तसा चिकटवला तरी निकाल रिकामा. नंबर बरोबर आहेत, ते कृपया विचारू नका. आज रात्री साडेनऊला मीटिंग आहे (तिकडे सकाळचे दहा), त्याआधी उत्पादनाचे आकडे हवेत. नाशकात हे काम करणारं कोणी असेल तर पायऱ्या लिहा.

बेसिन_पर्मियन:
एपीआय नंबरच्या मागे लागूच नका. लीज (तेल-वायूसाठी भाड्याने दिलेली जागा) नंबर आणि डिस्ट्रिक्ट (तेल-वायू खात्याचा विभाग) घ्या. तेलाच्या लीजला पाच आकडी नंबर असतो, वायूच्या विहिरीला सहा आकडी. तोच लीज नंबर दोन डिस्ट्रिक्टमध्ये असू शकतो, म्हणून डिस्ट्रिक्ट निवडल्याशिवाय शोधायचं नाही. मिडलंड असेल तर ०८. जानेवारी १९९३ पासूनचं उत्पादन मिळेल.

पंचवटी_पूर्व:
हे सगळं टेक्सासचं झालं. धागाकर्त्याने राज्य कुठे सांगितलंय? तिकडे विहिरींचं रेकॉर्ड प्रत्येक राज्य आपापलं ठेवतं. आपल्या साडेनऊला तिकडे दहा, म्हणजे उन्हाळ्यातली डेन्वरची वेळ. कोलोरॅडो का? आणि नंबर एकूण किती आकडी आहे?

अंबड_लिंकरोड:
हो, कोलोरॅडोच, वेल्ड काउंटी. सगळे नंबर ५१२३ ने सुरू होतात, १३ आकडी आहेत. काही सेलमध्ये ५.१२ई+१२ असं दिसतं.

पंचवटी_पूर्व:
मग घोळ एक्सेलचा आहे. कोलोरॅडोचा कोड ०५. एक्सेल त्याला संख्या समजून पुढचं शून्य खातं, म्हणून १४ चे १३ झाले. ई+१२ दिसणारा सेल कॉपी केला की तीच अक्षरं चिकटतात, नंबर नाही.

पूर्ण नंबरची फोड अशी: ०५ राज्य, १२३ वेल्ड काउंटी, पुढचे पाच आकडे विहिरीचा अनुक्रमांक, मग दोन आकडे साइडट्रॅकचे (त्याच विहिरीतून वळवून काढलेली नळी) आणि शेवटचे दोन त्या बोअरमधल्या (खोदलेल्या नळीतल्या) कामाचे. शोधायला काउंटी कोड आणि अनुक्रमांक पुरतात. शेवटचे चार काढून टाका.

शेजारच्या कॉलममध्ये टेक्स्ट फंक्शन लावून १४ शून्यांचा फॉरमॅट द्या. त्या निकालावर मिड (मधले आकडे काढणारं फंक्शन) लावा: तिसऱ्यापासून तीन आकडे काउंटी, सहाव्यापासून पाच आकडे अनुक्रमांक. आधी लांबी मात्र तपासा. यादीत १० आकडी नंबर मिसळलेले असतील तर ते ९ आकडी झालेले असतात. त्यांना १४ चा फॉरमॅट दिला तर पुढे पाच शून्यं लागून सगळंच सरकतं. त्यांना १० चाच द्या. आणि सीएसव्ही करून पुन्हा एक्सेलमध्ये उघडू नका, शून्य परत जाईल.

बेसिन_पर्मियन:
तरीही लीजने शोधणं जास्त खात्रीचं. एका लीजवर दहा विहिरी असतील तर दहा वेळा कशाला शोधायचं?

पंचवटी_पूर्व:
कोलोरॅडोत ऑपरेटर दर महिन्याला फॉर्म ७ भरतो, त्यात उत्पादन विहिरीनुसार आणि खडकाच्या थरानुसार असतं (नायोब्रारा, कोडेल वगैरे). टेक्सासमध्ये तेल लीजवर मोजलं जातं म्हणून तिथे तुमचं बरोबर. इथे त्या मार्गाने गेलात तर हाती काही लागणार नाही.

गोदाकाठ_द्राक्षे:
सातबाराही असाच अडतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तोच काढा. फुकटचा नुसता बघायला असतो, कायदेशीर कामाला चालत नाही. गट नंबरची पोटफोड झाली असेल तर गटाऐवजी नावाने शोधा.

अंबड_लिंकरोड:
@गोदाकाठ, माझं काम सातबाऱ्याचं नाही.
@पंचवटी, नंबर चालले, आभारी आहे. आता पुढचं. ग्राहकाच्या खनिज हक्काची ४० एकर जागा टाउनशिप ५ उत्तर, रेंज ६५ पश्चिम, सेक्शन १६ मध्ये आहे (तिकडच्या जमीन मोजणीतले चौकोन). सेक्शनने शोधलं तर पीए लिहिलेल्या जुन्या विहिरीच येतात. पैसे मात्र येतात, मग विहिरी कुठे आहेत?

खडक_आणि_थर:
पीए म्हणजे बुजवून सोडून दिलेली, एसआय तात्पुरती बंद, पीआर उत्पादन चालू. सेक्शनने शोधलं की विहिरीचं तोंड जिथे आहे तेवढंच येतं. आडव्या विहिरीचं तोंड शेजारच्या सेक्शनमध्ये असतं आणि जमिनीखालची नळी एक, दोन मैल जाते. सेक्शन साधारण एक मैल बाय एक मैल, ६४० एकर.

सेक्शनचे क्रमांक नागमोडी जातात: १ ईशान्य कोपऱ्यात, ६ वायव्येला, ७ त्याच्या खाली, मग उलट पूर्वेकडे. म्हणून १६ च्या उत्तरेला ९, दक्षिणेला २१, पूर्वेला १५, पश्चिमेला १७. या चारांत पीआर शोधा आणि त्यांच्या पलीकडच्यांतही. त्याहून सोपं म्हणजे साइटचा नकाशा उघडून आडव्या नळ्यांचा थर चालू करा. १६ मधून जाणारी प्रत्येक रेघ तुमच्या कामाची. शेवटी त्या विहिरीच्या कागदपत्रांतला फॉर्म ५ आणि त्यासोबतचा डायरेक्शनल सर्व्हे (नळी जमिनीखाली प्रत्यक्ष कुठून गेली त्याची मोजणी) बघा. परवान्याच्या फॉर्म २ वर थांबू नका, तो खोदण्याआधीचा बेत असतो.

सातपूर_शिफ्ट:
ऑपरेटरच्या नावाने शोधत असाल तर जुनी-नवी दोन्ही नावं टाका. ऑक्सिडेंटलने २०१९ मध्ये अॅनाडार्को घेतली, पण वेल्डमधल्या त्यांच्या विहिरी केर-मॅगी या नावावर दिसतात. पीडीसी ही कंपनी २०२३ मध्ये शेव्हरॉनकडे गेली. हे रेकॉर्ड ठेवणाऱ्या कोलोरॅडोच्या आयोगाचं नावही १ जुलै २०२३ पासून बदललं आहे, जुन्या कागदांवर सीओजीसीसी आणि नव्यांवर ईसीएमसी दिसेल. कार्यालय तेच.

भूशास्त्र_टीवाय:
अवांतर: आपल्याकडच्या विहिरींचं असं कुठे बघता येतं?

खडक_आणि_थर:
हायड्रोकार्बन महासंचालनालयाचं नॅशनल डेटा रिपॉझिटरी, २०१७ मध्ये सुरू झालं. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

अंबड_लिंकरोड:
केर-मॅगीच्या नावावर सापडल्या, २१ मधून वर येतात. मागच्या महिन्याचं उत्पादन रिकामं आहे. विहीर बंद झाली असं कळवू का?

पंचवटी_पूर्व:
नका कळवू. फॉर्म ७ भरायला महिना संपल्यानंतर ४५ दिवस असतात. रिकामं म्हणजे अजून आलेलं नाही. शून्य लिहिलेलं असेल आणि स्टेटस एसआय असेल तरच बंद म्हणा. तेल बॅरलमध्ये आणि वायू हजार घनफुटांत असतो, दोन्हींची बेरीज करू नका. आणि तिथला आकडा अख्ख्या विहिरीचा आहे. युनिट (त्या विहिरीसाठी एकत्र धरलेली जमीन) १२८० एकरांचं असेल तर ४० एकरांचा भाग ०.०३१२५, त्याला करारातल्या रॉयल्टीच्या दराने गुणायचं. युनिट किती एकरांचं आहे ते आयोगाच्या स्पेसिंग ऑर्डरमध्ये (युनिट ठरवणाऱ्या आदेशात) सापडेल.

बेसिन_पर्मियन:
ऑर्डर वाचताना मेरिडियन (टाउनशिप-रेंज जिथून मोजतात ती उत्तर-दक्षिण रेषा) बघा. कोलोरॅडोत तीन आहेत: सहावी, न्यू मेक्सिको आणि यूट. वेल्डला सहावीच हवी.