आयएसओ ५० वर आणूनही ठोसेघरचा धबधबा पांढराफटक

घाटवाट (सातारा):
रविवारी ठोसेघरला गेलो होतो. ढगाळ होतं, पाऊस नुकता उघडलेला. पाणी रेशमासारखं यावं म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० वरून ५० वर आणला, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/२२, अगदी बारीक. शटर मिळालं १/८ सेकंद. घरी मोठ्या पडद्यावर बघतो तर धारेच्या मधोमध नुसता पांढरा पट्टा आणि शेजारचा कातळ मऊ पडलेला. ट्रायपॉड पक्का होता. आयएसओ कमी म्हणजे फोटो चांगला ना? की प्रकाश अडवणारा गडद फिल्टर घ्यायलाच हवा?

कृष्णाकाठ (सांगली):
घ्यायलाच हवा. आधी एक बघा, ५० च्या जागी ‘लो’ किंवा ‘एल’ असं काही दिसतं का? दिसत असेल तर तो खरा ५० नाही. कॅमेरा १०० वरच एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश घेतो आणि मागाहून फोटो गडद करतो. सावल्या स्वच्छ होतात, पण उजळ भाग एक स्टॉप आधीच जळतो. धबधब्यात सगळ्यात उजळ काय, तर पाणीच! रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) ते परत मिळत नाही. कातळ मऊ झाला तो एफ/२२ मुळे. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. आयएसओ १००, एफ/११ ला तिथे शटर १/६० सेकंद आलं असतं. एनडी६४ हा गडद फिल्टर लावला म्हणजे सहा स्टॉप प्रकाश कमी, शटर ६४ पट, साधारण १ सेकंद. धारांचे धागे दिसायला हवे असतील तर एफ/८ आणि अर्धा सेकंद. त्याहून गडद एनडी१००० ने एफ/११ ला १६ सेकंद होतील, पाण्याचा नुसता कापूस.

फिरवून गडद होणारा स्वस्त फिल्टर मात्र घेऊ नका. आयर्विन पुलाची अख्खी संध्याकाळ माझी त्यात गेली. वाइड लेन्सवर पूर्ण फिरवला आणि प्रत्येक फोटोत आकाशभर काळी फुली. त्या दिवशी कृष्णेवर जो रंग होता, तो पुन्हा मिळाला नाही.

पाऊलवाट (कराड):
दादांशी सहमत. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. आणि जुन्या सुती साडीचा तुकडा खिशात ठेवा, तिथे तुषार थेट काचेवर येतात.

घाटवाट:
‘लो’च लिहिलंय! हे माहीतच नव्हतं. माझ्या लेन्सचा फिल्टरचा व्यास ६७ मिमी आहे, पण पुढे ७७ ची लेन्स घ्यायची आहे. फिल्टर कुठला घेऊ?

कृष्णाकाठ:
७७ चाच घ्या आणि ६७ साठी स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी. फिल्टर एकदाच घ्यावा लागेल.