फसणं वेगळं, वाया जाणं वेगळं

'फसलेला प्रयोगही शिकवतो' असं म्हणतात ते पटतं, पण एक अट घालावीशी वाटते: तो फसला हे कळायची सोय आधीच हवी. 2003 मध्ये राज्यात कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली. पाऊस आला की श्रेय विमानाला, नाही आला की दोष ढगांना, अशाच गप्पा चालायच्या. त्यातून शिकणार काय, कपाळ?

पुढे 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं आमच्या सोलापुरात प्रयोग केला. कुठल्या ढगात बीजारोपण करायचं, म्हणजे पावसासाठी विमानातून बारीक कण फवारायचे, हे यादृच्छिक पद्धतीनं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. बाकीचे ढग तुलनेसाठी मुद्दाम सोडून दिले. आमच्यासारख्या पर्जन्यछायेतल्या माणसाला हातचा ढग सोडणं म्हणजे पापच वाटणार! पण ते सोडलेले ढग नसते तर सुमारे 18 टक्के जास्त पावसाचा निष्कर्ष काढताच आला नसता.

शिवाय बीजारोपण प्रत्येक ढगाला लागू पडत नाही, हेही त्यातून पुढे आलं. मला हा नकाराचा भाग जास्त मोलाचा वाटतो. कृत्रिम पावसाच्या निविदा काढणाऱ्यांनी तोच आधी वाचावा.