36 नंबरची दाढ: सूज हिरडीची की पल्पची (दाताच्या आतल्या नसेची)? मदत हवी आहे

बर्डी_दंत (नागपूर)
पेशंट 44 वर्षांचा, रोज खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारा. खालची डावी पहिली मोठी दाढ. चावताना दुखते, गालाकडच्या हिरडीवर सूज आहे, दाबलं की पू येतो. जुनं मोठं चांदीचं फिलिंग आहे, रूट कॅनाल झालेलं नाही. पॉकेट (दात-हिरडीमधली फट) गालाकडे मधोमध 9 मिमी, दाताभोवतीच्या बाकी पाचही जागी 3 मिमीच्या आत. दाढ किंचित हलते (मोबिलिटी ग्रेड 1). आयओपीएवर (दाताच्या एक्स-रेवर) फर्केशनमध्ये, म्हणजे मुळं फुटतात तिथे, काळं दिसतंय. बर्फ लावला तर काहीच जाणवलं नाही म्हणतो. तोंडात टार्टर भरपूर आहे, म्हणून आधी स्केलिंग (टार्टर काढणं) आणि क्युरेटाज (पॉकेट आतून खरवडणं) करायचा विचार आहे. पण एकाच जागी 9 कसं? सुरुवात कुठून करू?

एंडो_धंतोली
डॉक्टर, क्युरेटाज थांबवा. हिरडीच्या आजारात हाड पसरट उतरतं, त्यामुळे प्रोब (पॉकेट मोजायची काडी) 4, 6, 8, 6, 4 असा उतरत-चढत जातो. इथे 3 वरून एकदम 9, पुन्हा 3. अशी अरुंद खोल वाट दोन कारणांनी पडते: मेलेल्या पल्पचा पू सल्कसमधून (हिरडीच्या कडेच्या खाचेतून) बाहेर येतोय, किंवा मुळापर्यंत तडा गेलाय. खर्र्यातली कडक सुपारी रोज चावणाऱ्याच्या दाढेत तड्याचा संशय धरायलाच हवा.

बर्फावर विसंबू नका. वितळलेलं पाणी शेजारच्या दाताला आणि हिरडीला लागतं. टेट्राफ्लुरोइथेनचा स्प्रे कापसाच्या बोळ्यावर मारा. दाढ कोरडी करा, कॉटन रोल लावा. आधी 46 (उजवीकडची तशीच दाढ) आणि 35 (36 च्या पुढचा दात) वर लावा, म्हणजे काय जाणवायला हवं ते पेशंटला कळेल. मग 36 वर, गालाकडून आणि जिभेकडूनही. कळ उठली का आणि बोळा काढल्यावर किती सेकंद राहिली, दोन्ही लिहा. निरोगी दातात ती लगेच जाते. 30 सेकंदांच्या पुढे रेंगाळली तर इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस (न सुधारणारी पल्पची सूज). काहीच नाही तर नेक्रोसिसचा (पल्प मेल्याचा) संशय. संशयच, कारण आकसलेल्या पल्पचा जिवंत दातही कधी गप्प राहतो. म्हणून जोडीला ईपीटी (सौम्य करंटने पल्प तपासणं) करा, पण आधी पेसमेकर आहे का ते विचारा. चांदीच्या फिलिंगमधून करंट शेजारच्या दातात जातो, तेव्हा मध्ये मायलर स्ट्रिप (प्लास्टिकची पातळ पट्टी) घाला. आकडा किती आला याला महत्त्व नाही, जाणवलं की नाही एवढंच बघा.

पेरिओ_विदर्भ
एंडो सरांशी सहमत. प्रोबिंगचं सांगतो. यूएनसी-15 (15 मिमीपर्यंत खुणांचा प्रोब) घ्या, जोर साधारण 25 ग्रॅम, आणि टोक बाहेर न काढता मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकवा. सहा जागांचे आकडे घेताना नेमकी अरुंद फट निसटते. दुखत असेल तर भूल देऊन करा, पण पल्पच्या सगळ्या टेस्ट आटोपल्यावरच. ब्लॉक दिल्यावर कोल्ड टेस्टला अर्थ उरत नाही.

फर्केशनला सरळ प्रोब चालत नाही, वाकडा नेबर्स प्रोब घ्या. हिरडी खाली सरकली असेल तर तेही मोजा: पॉकेट 4 आणि रिसेशन 3 म्हणजे अटॅचमेंट लॉस (दाताचा गेलेला आधार) 7. नुसता पॉकेटचा आकडा फसवतो. एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. 7 टक्के किंवा वर आलं तर पेरिओडोंटायटिसची (हिरडी-हाडाच्या आजाराची) ग्रेड थेट सी, म्हणजे सगळ्यात वेगाने वाढणारी, होते.

शेवटी 25 नंबरचा जीपी पॉइंट (एक्स-रेत दिसणारी गटापर्चाची बारीक काडी) वाटेत अडेपर्यंत सरकवा आणि आयओपीए काढा.

बर्डी_दंत (नागपूर)
46 ला लगेच कळलं, 36 ला दोन्हीकडून नाही. ईपीटीलाही उत्तर नाही. जीपी पॉइंट फर्केशनपाशी थांबला. तडा शोधायला एका-एका कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) चावायला दिलं, कुठेच कळ नाही.

एंडो_धंतोली
मग पल्प मेलेलाच धरा. पल्प चेंबरच्या तळातून फर्केशनकडे बारीक कॅनाल असतात, पू तिथून उतरलाय. आधी रूट कॅनाल: फिलिंग पूर्ण काढा, साफसफाई करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरा. तळ मिथिलीन ब्ल्यूने रंगवून लूपखाली (भिंगाखाली) बघा. तडा तळावरून आरपार गेला असेल तर दाढ टिकणं कठीण, आणि हे पेशंटला कॅपचा खर्च करण्याआधी सांगा.

पेरिओ_विदर्भ
बाकी तोंडाचं स्केलिंग खुशाल करा. फक्त त्या 9 च्या वाटेत क्युरेट घालू नका. मुळावरचे जिवंत तंतू खरवडले गेले की पुन्हा चिकटायला काही उरत नाही. ताप नाही, सूज पसरत नाही, पू वाहतोय, तर अँटिबायोटिकही नको. दोन-तीन महिन्यांनी परत प्रोब करा. 3-4 वर आलं तर हिरडीचं वेगळं काही करायची गरज नाही. 7-8 वरच राहिलं तर तडा पुन्हा शोधा, तो नसेल तर फ्लॅपचा (हिरडी उघडून साफ करण्याचा) विचार करू.

बर्डी_दंत (नागपूर)
धन्यवाद सर. उद्या फिलिंग काढतो, तळाचा फोटो इथेच टाकतो.