घरच्या सीडी-कॅसेटींसाठी मीडिया सर्व्हर: प्लेक्स, एम्बी की जेलीफिन?

मिरजेचा_भाचा

नमस्कार मंडळी. आधी इथले जुने धागे चाळले. बहुतेक ठिकाणी चर्चा फोर-के सिनेमांची आहे. माझं दुखणं वेगळं आहे, म्हणून नवा धागा.

आमच्या अण्णांना रेकॉर्डिंगचा नाद. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठका होतात, तिथे अण्णा वर्षानुवर्षं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले. नव्वद मिनिटांच्या १४० कॅसेटी आहेत. गेल्या दोन वर्षांत मी त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या. शिवाय नाटकांच्या आणि जुन्या मराठी सिनेमांच्या दोनेकशे व्हीसीडी, आणि घरातली लग्नं-मुंजी-मंगळागौरींच्या व्हीएचएस, ज्या सांगलीतल्या एका स्टुडिओतून डिजिटल करून आणल्या. सगळं मिळून दीड टीबीसुद्धा होत नाही.

आता हे सगळं पेन ड्राइव्हवर भरून टीव्हीला लावतो. आईला हवं ते नेमकं दुसऱ्याच पेन ड्राइव्हवर असतं. ताई जर्मनीत, श्टुटगार्टला. ती तिकडून उंटावरून शेळ्या हाकते: "अरे, सोपं आहे, नेटफ्लिक्ससारखं काहीतरी घरीच करून टाक की."

हाताशी काय आहे: २०१८ चा लॅपटॉप (आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, कीबोर्डची दोन बटणं गेलेली), ४ टीबीची बाहेरची डिस्क, हॉलमध्ये अँड्रॉइड टीव्ही, गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर, ५० एमबीपीएस. ताईकडे टीव्हीला गूगल टीव्हीची काडी.

त्यासाठी मीडिया सर्व्हर (घरच्या एका संगणकावरून टीव्हींना सिनेमे-गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर) लागतो म्हणे. प्लेक्स, एम्बी, जेलीफिन आणि कोडी अशी चार नावं ऐकली आहेत. अटी दोनच. आईला रिमोटची तीनपेक्षा जास्त बटणं दाबायला लागू नयेत. आणि दरमहा पैसे जाणार असतील तर अण्णांना कळता कामा नये.

---

खटपट्या

कोडी यादीतून काढून टाका. वाईट नाही, पण तो सर्व्हर नव्हे, प्लेअर आहे. एकाच टीव्हीवर बघायचं असतं तर मी डोळे झाकून कोडीच सांगितलं असतं. मूळचा एक्सबॉक्ससाठी लिहिलेला, २०१४ साली नाव बदलून कोडी झाला. तुमची ताई मध्ये आली, तिथे कोडीचं काम संपलं.

---

पेठेतला_पुणेकर

मी प्लेक्सवाला, तेव्हा पक्षपात गृहीत धरूनच वाचा.

बाहेरगावच्या माणसाला दाखवायचं असेल तर प्लेक्सइतकं सोपं काही नाही. ताईने खातं उघडायचं, तुम्ही लायब्ररी शेअर करायची, झालं. ॲप जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर मिळतं. आणि १४० कॅसेटी म्हणालात म्हणून सांगतो, त्यांचं गाण्यांसाठीचं प्लेक्सॲम्प हे वेगळं ॲप फार देखणं आहे.

आता खिशाचं. घरातल्या घरात बघायला पैसे लागत नाहीत. पण २०२५ च्या एप्रिलअखेरीपासून स्वतःच्याच फायली घराबाहेरून बघायच्या असतील तर सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्सचा पैसे भरून घ्यायचा पास हवा, नाहीतर बघणाऱ्याने महिन्याला दोन डॉलरचा वेगळा पास घ्यायचा. त्याच वेळी आजन्म पास १२० डॉलरवरून २५० वर गेला, म्हणजे वीस हजारांच्या वर. मी आधीच्या भावात घेतला म्हणून निवांत आहे. आज घ्यायचा असता तर घेतला असता का? नसता.

एम्बीचंही गणित तसंच, आजन्म ११९ डॉलर. मी स्वतः वापरलेलं नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

---

निवृत्त_लाइनमन

भाचेबुवा, सॉफ्टवेअर निवडायच्या आधी राउटरच्या पानावर जाऊन तुमचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला इंटरनेटचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरुवात होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे अख्ख्या गल्लीला बाहेर मिळून एकच पत्ता. बाहेरून कुणी तुमचं दार शोधत आलं तर ते गल्लीच्या कमानीपाशीच अडतं. मग राउटरमध्ये पोर्ट उघडायच्या कितीही युक्त्या करा, शष्प उपयोग नाही. मी यात दोन रविवार घालवले आहेत.

पेठेतल्या पुणेकरांनी ही गोष्ट सांगितली नाही, बहुधा त्यांचा आयपी सरळ असावा. सीजीनॅटच्या मागे प्लेक्स थेट जोडला जात नाही, तो स्वतःच्या रिले (मधल्या) सर्व्हरवरून जातो, आणि तिथे पास असला तरी मर्यादा २ एमबीपीएसची. व्हीसीडीला ते पुरेल. लग्नाच्या व्हिडिओला चेहरे पुसट होतील.

माझं मत जेलीफिन. एम्बीने २०१८ च्या डिसेंबरात आपला कोड बंद केला, तेव्हा काही जणांनी शेवटचा खुला कोड उचलून हे वेगळं बिऱ्हाड मांडलं. सगळं फुकट. आजन्म पास नाही, मासिक पास नाही, खातं कंपनीकडे नाही, तुमच्याच लॅपटॉपवर. म्हणजे अण्णांपासून लपवायला काही उरत नाही.

तुमचा लॅपटॉप या कामाला उत्तम आहे. इंटेलच्या त्या चिपमध्ये क्विक सिंक म्हणून व्हिडिओ रूपांतराचं वेगळं हार्डवेअर असतं. ते वापरायला प्लेक्स आणि एम्बी पैसे मागतात, जेलीफिन मागत नाही. कुणी रास्पबेरी पाय ५ घ्या म्हणालं तर ऐकू नका, त्या छोट्या संगणकात एन्कोड करायचं, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलायचं, हार्डवेअरच नाही. नवीन घ्यायचंच असतं तर इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी सांगितला असता, पण हातात आहे ते का टाका? झाकण मिटून रिकामा चालू ठेवला तर माझा तसाच लॅपटॉप १२ वॅट खातो. महिन्याला आठ-नऊ युनिट. लाईट गेली तर बॅटरी आहेच, यूपीएसचा खर्च वाचला.

फक्त एक: बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर टाका. माझा वर्षभर शंभर टक्क्यांवर चार्जरला होता. एके दिवशी टचपॅड वर उचललेला दिसला. उघडून बघतो तर बॅटरी पुरीसारखी टम्म.

ताईसाठी टेलस्केल, म्हणजे लांबची यंत्रं इंटरनेटवरून एका खाजगी जाळ्यात जोडणारं ॲप. लॅपटॉपवर टाका, तिच्या काडीवर टाका, दोन्ही एकाच घरात असल्यासारखी वागतात. सीजीनॅट आडवं येत नाही, राउटरमध्ये हात घालावा लागत नाही, घरगुती वापराला फुकट. सॅमसंग किंवा एलजीचा टीव्ही असता तर त्याचं ॲप मिळालं नसतं, गूगल टीव्हीवर मिळतं. जेलीफिनमध्ये सर्व्हरचा पत्ता म्हणून टेलस्केलचा पत्ता आणि पोर्ट ८०९६. तिने टीव्हीवर रिमोटने पासवर्ड टाइप करत बसू नये. क्विक कनेक्ट निवडलं की सहा आकडी कोड येतो. तो तिने तुम्हाला व्हॉट्सॲप करायचा आणि तुम्ही इथे तिच्या खात्यातून भरायचा.

---

मिरजेचा_भाचा

लाइनमनकाका, साष्टांग. आयपी बघितला, १००.७२ ने सुरू होतो. कमानीपाशीच अडलोय म्हणायचं.

शनिवारी लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) टाकून जेलीफिन बसवलं. बसवायला अर्धा तास लागला. मग सगळी लायब्ररी "मूव्हीज" या प्रकारात टाकली आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर त्याने प्रत्येक फोल्डरसाठी इंटरनेटवरून पोस्टर शोधून आणलेलं. मावशीच्या मंगळागौरीला कुठल्याशा परदेशी भूतपटाचं पोस्टर, बाईचे केस मोकळे, हातात सुरा. आई म्हणाली, "मावशीला दाखवू नकोस, पण काढूही नकोस इतक्यात."

दोन अडचणी. व्हीसीडीच्या फोल्डरमधल्या .डॅट फायली त्याला दिसतच नाहीत. आणि काही सिनेमांना मी मराठी सबटायटल टाकली आहेत (अण्णांना आता कमी ऐकू येतं), ती टीव्हीवर नीट दिसतात, पण लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नुसते चौकोन.

---

सीडीवाली_सोलापूर

व्हीसीडीचं मला विचारा. आमचं भाड्याने सीडी देण्याचं दुकान होतं, २०११ ला बंद केलं, माल अजून माळ्यावर आहे.

.डॅट म्हणजे आत साधा एमपेग-१ असतो, वरचं वेष्टण वेगळं. एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रामने रूपांतर न करता, नुसतं कॉपी करून .एमपीजीमध्ये काढा, एकेका सीडीला मिनिटभरही लागत नाही. मग जेलीफिनला दिसेल. टीव्हीला एमपेग-१ समजलं नाही तर सर्व्हर चालता चालता बदलून देईल. ३५२ बाय २८८ चं चित्र ते, तुमचा आय५ जांभईसुद्धा देणार नाही. मोठं करून सुंदर बनवायच्या फंदात पडू नका. नसलेले चेहरे येत नाहीत, आहेत ते प्लास्टिकचे होतात.

अजून सीडी उतरवायच्या राहिल्या असतील तर लिनक्सवर सरळ फाइल ओढून कॉपी करू नका, मध्येच एरर येते. व्हीसीडीची सेक्टरं साध्या डेटा सीडीसारखी नसतात. व्हीसीडीएक्सरिप नावाचा छोटा प्रोग्राम आहे, त्याने काढा. आणि एका नाटकाच्या दोन-तीन सीडी असतात, त्या एकाच फोल्डरमध्ये ठेवून नावाच्या शेवटी पार्ट-१, पार्ट-२ असं इंग्रजीत लिहा, म्हणजे एकच नाटक म्हणून सलग लागतं.

घरगुती समारंभ "होम व्हिडिओज" या प्रकारात वेगळे काढा, मग तो पोस्टर शोधायला जात नाही.

---

खटपट्या

चौकोनांचं औषध: ब्राउझरला देवनागरी फाँट मिळत नाहीये. नोटो सान्स देवनागरी उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा, डॅशबोर्डच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये "फॉलबॅक फाँट" चालू करून तो फोल्डर दाखवा. लॅपटॉपवर सिस्टिममध्येही तोच फाँट टाकून ठेवा. सबटायटल चित्रात भाजून पाठवायची वेळ आली तर सर्व्हर तिथला फाँट शोधतो.

---

पेठेतला_पुणेकर

हरलो असं नाही, पण गाण्यांचं काय केलंत? तिथे खरी परीक्षा.

---

मिरजेचा_भाचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. पुणेकर, परीक्षा होतीच, आणि अवघड प्रश्न सॉफ्टवेअरने नाही, अण्णांनी काढला.

ही सॉफ्टवेअरं गाण्यांसाठी फोल्डरचं नाव नाही, फायलीतले टॅग वाचतात: कलाकार, अल्बम, क्रमांक. मी कलाकार म्हणजे गायक आणि अल्बम म्हणजे राग असं भरत बसलो. चाळीस कॅसेटी झाल्यावर अण्णांनी यादी बघितली आणि म्हणाले, "असं कुणी ऐकतं का? त्या रात्री कोण आधी बसलं, कोण नंतर, ते कुठे आहे?" त्यांना बैठक हवी होती. मग सगळं उलटं केलं. अल्बम म्हणजे उरुसाचं साल आणि रात्र, अल्बमचा कलाकार "उरूस", गाण्याचा कलाकार गायक, राग शीर्षकात. आता एक रात्र लावली की ती सुरुवातीपासून भैरवीपर्यंत जाते.

कॅसेटीची बाजू पंचेचाळीस मिनिटांची. मोठा ख्याल चालू असताना बाजू संपते, खट् असा आवाज, आणि दुसरी बाजू सुरू होते तेव्हा गवई तीन-चार आवर्तनं पुढे गेलेला असतो. मी तो "खट्" कापून दोन्ही बाजू जोडून एक फाइल केली होती. अण्णांना आवडलं नाही. "तेवढ्यात मी कॅसेट उलटली, ते राहू दे की." परत घातला.

बाकी सगळं मार्गी लागलंय. फाँटने चौकोन गेले. टीव्ही सुरू केला की आईच्या खात्याला पासवर्ड नाही, फोटोवर ओके, लायब्ररीवर ओके, सिनेमावर ओके. तीन. दुसरी डिस्क घेऊन दर रविवारी सगळ्याची प्रत काढतो, कारण कॅसेटी आता परत उतरवता येतील असं वाटत नाही. ताईकडे टेलस्केल लागायला व्हिडिओ कॉलवर एक तास गेला. त्यातली चाळीस मिनिटं काडीचा रिमोट शोधण्यात. काल आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा आणि तिच्याकडे आठ वाजता तिने स्वतःच्या लग्नाची कॅसेट लावली. मला डॅशबोर्डवर दिसत होतं: सप्तपदी तिने चार वेळा मागे घेऊन बघितली. सकाळी विचारलं तर म्हणाली, मागे आजी उभी आहे, ती काय बोलतेय ते कळत नव्हतं.

आता एकच घोडं अडलंय. सहा व्हीसीडी माझा ड्राइव्ह वाचतच नाही, नुसता घुर्र घुर्र करत फिरतो. व्हीसीडीएक्सरिपही हात टेकतं. कुणाकडे जुना, अवजड, डेस्कटॉपमधला ड्राइव्ह आहे का?

---

सीडीवाली_सोलापूर

माळ्यावर चार आहेत. सीडी धुऊन बघितल्यात का आधी? कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. नाहीच झालं तर सांगा, पुढच्या गुरुवारी सांगलीला लग्नाला येतेय, दोन ड्राइव्ह पिशवीत टाकते.