जुन्या पेन सेनेटर या मासेमारीच्या रीळचा ड्रॅग धक्के देतो, त्यावर
गोव्यात आग्वादच्या खडकांवर तांबोसो मासा गळाला लागला की ड्रॅग (सुटणाऱ्या दोरीला आवरणारा ब्रेक) धक्के देतो, काय करावं, असं एकाने विचारलंय. दोष बहुधा गिअरचा नाही, जुन्या वॉशरांचा (ड्रॅगमधल्या चकत्यांचा). ते कडक, चकचकीत झाले की आधी चिकटतात, मग एकदम सुटतात आणि तेवढ्यात दोरी तुटते. कार्बनचे वॉशर घाला, ड्रॅग ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. चकत्यांचा क्रम उघडतानाच फोटोत घ्या (नंतर आठवत नाही!). ड्रॅगचा ताण स्प्रिंगकाट्याने मोजून लावा: १५ किलोला तुटणाऱ्या दोरीला ४-५ किलो. ब्रेडखाली (विणलेल्या दोरीखाली) थोडी मोनो (एकाच तंतूची नायलॉन दोरी) हवीच, नाहीतर सगळी दोरी स्पूलवर (ती गुंडाळायच्या चकरीवर) गरगर फिरते. प्लास्टिकचा स्पूल मात्र नकोच. ताणाने भरलेली मोनो त्याला फोडते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोरदार फवारा मीठ आत ढकलतो. ठेवताना स्टार (ड्रॅग आवळायचं चांदणीच्या आकाराचं चाक) सैल.