पोर्तुगाल 1974: कार्नेशनची क्रांती म्हणायचं, की कप्तानांचं बंड?

तळ्यातमळ्यात (धागाकर्ता)

दर 25 एप्रिलला तेच छायाचित्र फिरत येतं. बंदुकीच्या नळीत खोचलेलं लाल कार्नेशन, पोरसवदा सैनिकाचं हसू, आणि खाली ओळ: 'एकही गोळी न झाडता झालेली क्रांती'. गाण्याने आणि फुलांनी हुकूमशाही उलथली म्हणे. माझं डोकं उठतं.

सुरुवात बघा कुठून झाली ते. 1973च्या जुलैत हुकूमशाहीचा पंतप्रधान कायतानो याच्या सरकारने एक फर्मान काढलं. आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या युद्धाला अधिकारी पुरेनात, म्हणून सक्तीच्या भरतीतून आलेल्यांना छोटा अभ्यासक्रम करून कायम सेवेत घ्यायचं ठरलं. अकादमीत वर्षं घालवलेल्या कप्तानांची ज्येष्ठता धोक्यात आली. ते चिडले आणि सप्टेंबरात एव्होराजवळ आल्कासोव्हाशला जमले. लोकशाही वगैरे नंतर आली. आधी आली ती सेवाज्येष्ठतेची यादी.

आता गाणी. 24 एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना लिस्बनच्या रेडिओवर उठावाचा पहिला इशारा वाजला. ते होतं पाउलो द कार्व्हाल्योचं प्रेमभंगाचं गाणं. त्याच महिन्याच्या 6 तारखेला ते ब्रायटनला युरोव्हिजन स्पर्धेत गेलं आणि 3 गुण मिळवून शेवटच्या क्रमांकात वाटेकरी झालं. (त्या वर्षी जिंकले आब्बावाले.) कोणाला संशय येऊ नये म्हणून ते निवडलं, बस्स. गजर वाजला म्हणून माणूस उठतो, पण त्याच्या नोकरीचं श्रेय कोणी गजराच्या घड्याळाला देत नाही.

संध्याकाळी कायतानोने सत्ता कोणाच्या हाती दिली? जनरल स्पिनोलाच्या. ती रस्त्यावर पडू नये, एवढीच त्याला काळजी. 1974 हे पोर्तुगालचं मोठं वर्ष आहेच. पण आधी लष्करी उठाव झाला आणि मग लोकांनी त्याला फुलं वाहिली, हा क्रम कोणी उलटा सांगू नये.

रानजाई

क्रम तुम्हीच अर्धा सांगितलात. पहिलं गाणं निरुपद्रवी होतं, मान्य. दुसऱ्याचं काय? मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी रेडिओ रेनासेन्सावर, म्हणजे चर्चच्या मालकीच्या केंद्रावर, गायक झेका आफोन्सोचं 'ग्रांदोला, विला मोरेना' लागलं. ऐकलंय कधी? सुरुवातीला वाद्य नाही. खडीवर एका लयीत पडणारी पावलं ऐकू येतात, मग एक आवाज, मग त्यात मिसळणारे बाकीचे. आलेन्तेझूचे शेतमजूर गायचे ती धाटणी. आणि शब्द काय, तर गावात हुकूम चालतो तो लोकांचा! उठावाच्या चारच आठवडे आधी, 29 मार्चला, लिस्बनच्या कोलिझेउ नाट्यगृहात झेकाची कितीतरी गाणी सेन्सॉरने अडवली होती, हे मात्र सुटलं. शेवटी अख्खं सभागृह ते गायलं आणि कटातले काही अधिकारी तिथे हजर होते. घड्याळ म्हणे!

दुसरं, 25 तारखेला दिवसभर रेडिओवरून कप्तानच बजावत होते की नागरिकांनी घरात बसावं. लोकांनी ऐकलं नाही. सेलेस्ते काएरो ज्या उपाहारगृहात कामाला होती त्याचा पहिला वाढदिवस होता. गिऱ्हाइकांना द्यायला कार्नेशन आणली होती. गडबड बघून मालकाने दार लावलं आणि फुलं घरी न्या म्हणाला. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती काही तिच्याकडे नव्हती, म्हणून तिने फूल दिलं. कोणत्या कप्तानाच्या आराखड्यात होतं हे?

'गोळी न झाडता' हे साफ खोटं, इथे तुमच्याशी सहमत. गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयाच्या खिडक्यांतून जमावावर गोळ्या झाडल्या, चौघं मेली. पण तिथे रस्त्यावर कोण होतं? लोकच ना?

तळ्यातमळ्यात

लोक 1958 मध्येही होते. जनरल उम्बेर्तो देल्गादो कायतानोच्या आधीचा हुकूमशहा सालाझार याच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा पोर्तो काय, लिस्बन काय, रस्ते फुलून गेले होते. पुढे काय झालं? निवडणुकीत लबाडी झाली, देल्गादो परागंदा झाला आणि 1965 मध्ये स्पेनच्या सीमेजवळ गुप्त पोलिसांनी त्याला ठार केलं. तेच लोक, तेच रस्ते. फक्त रणगाडे समोरच्या बाजूला होते.

निवृत्त_हवालदार

मी फौजेत होतो म्हणून दोन शब्द.

कप्तान साल्गैरु माया, वय 29. सांतारेंच्या घोडदळ शाळेतून रात्री निघाला. निघण्यापूर्वी पोरांना गोळा करून म्हणाला, यायचं त्याने रांगेत उभं राहावं, नको त्याने इथेच मागे थांबावं. सगळे आले. सकाळी लिस्बनमध्ये शिरताना हा ताफा लाल दिव्याला थांबला होता असं सांगतात. (आमच्याकडे शांततेच्या काळातसुद्धा कोणी थांबत नाही.)

मुद्दा त्यापुढचा. नदीकाठच्या रस्त्यावर सरकारच्या बाजूचे रणगाडे समोर उभे ठाकले. माया पांढरा रुमाल घेऊन चालत पुढे गेला. ब्रिगेडियरने हुकूम सोडला, झाडा गोळी. अधिकाऱ्याने नकार दिला. मग थेट रणगाड्यातल्या कॉर्पोरलला हुकूम झाला, तर त्याने झाकण आतून लावून घेतलं. धागाकर्त्यांना विचारतो, कॉर्पोरलला कुठली आलीय सेवाज्येष्ठता? जुलैच्या फर्मानाने त्याच्या पगारात एक पैचा फरक पडत नव्हता. त्याच्यापुढे होती फक्त आफ्रिका. सक्तीच्या भरतीतली दोन वर्षं तिकडच्या जंगलात काढायची, परत येईल की नाही ठाऊक नाही. हुकूम मोडला की कोर्टमार्शल, हे माहीत असून ज्याने झाकण लावलं त्याला तुम्ही बढतीच्या हिशेबात कसं बसवता?

बाओबाब

शेवटी आफ्रिकेचं नाव कोणीतरी घेतलं, तेही वाक्याच्या शेपटाला. गाणं की रणगाडा यावर तुमचं भांडण चाललंय ते सगळं लिस्बनच्या चार चौकांत. अंगोलात 1961 पासून, गिनीत 1963 पासून, मोझांबिकमध्ये 1964 पासून युद्ध पेटलेलं होतं. गिनी-बिसाऊ एवढासा. तिथे आमिल्कार काब्रालच्या पक्षाने पोर्तुगीजांना जेरीला आणलं. जानेवारी 1973 मध्ये काब्रालचा खून झाला तरी लढा थांबला नाही. त्याच वर्षी खांद्यावरून डागायची रशियन क्षेपणास्त्रं आली आणि पोर्तुगीज विमानांची सद्दी संपली. 24 सप्टेंबर 1973 ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीरही करून टाकलं.

स्पिनोला कोण होता? याच गिनीचा राज्यपाल. तिथून हात पोळून परतला आणि फेब्रुवारी 1974 मध्ये पुस्तक लिहून म्हणाला, हे युद्ध शस्त्रांनी जिंकता येणार नाही. मार्चमध्ये त्याला पदावरून काढलं. कप्तानांची अर्धी फळी गिनीतच शहाणी झालेली. पोर्तुगालचे आठ-नऊ हजार सैनिक तेरा वर्षांत गेले. आफ्रिकेतली माणसं त्याच्या कित्येक पट, आणि त्यांची धड मोजदादही नाही. तेव्हा 'रक्ताचा थेंब न सांडता' असं लिहिताना कोणाचं रक्त, ते आधी ठरवा. लिस्बनला जे फुललं त्याला पाणी बिसाऊकडून आलं होतं.

काटकोन

बाओबाब यांच्याशी बव्हंशी सहमत, पण मग पुढचंही बोला. 27 जुलैला वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क कायद्याने मान्य, सप्टेंबरात लुसाकाला मोझांबिकच्या स्वातंत्र्याचा करार, महिनाअखेरीला राष्ट्राध्यक्षपदावरून स्पिनोलाचा राजीनामा. इतकी घाई! अंगोला यादवीत लोटला गेला, पूर्व तिमोर 1975 च्या डिसेंबरात इंडोनेशियाने गिळला. लाखो पोर्तुगीज वसाहती सोडून मायदेशी परतले. याचं श्रेय कोण घेणार?

बाओबाब

पाचशे वर्षं बसून राहिलेल्याला उठताना घाई झाली, याचं खापर उठवणाऱ्यावर नको.

शापोरा

अहो, गोव्याचं नाव कोणीच काढत नाही! धागा मराठीत आणि चर्चा बिसाऊची, चालूद्या. पण गोवा इथे अवांतर नाही.

डिसेंबर 1961 मध्ये सालाझारने गव्हर्नर वासालो इ सिल्वाला कळवलं होतं की शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील. हाताशी साडेतीन हजारांच्या आतबाहेर माणसं, समोर भारतीय फौज. सिल्वाने शहाणपणा केला आणि शरण आला. बक्षीस काय मिळालं? लिस्बनने पराभवाचं सगळं खापर अधिकाऱ्यांवर फोडलं आणि त्याला सैन्यातून हाकलून दिलं. ही गोष्ट प्रत्येक पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या डोक्यात पक्की बसली होती. 1973 मध्ये गिनी हातची जाणार असं दिसू लागलं, तेव्हा कप्तान एकमेकांत हेच बोलत होते: आपला 'गोवा' करतील. हरेल सरकार आणि बेअब्रू होईल आपली. जुलैच्या फर्मानाने ठिणगी पडली असेल, पण दारू 1961 पासून साठलेली होती. सिल्वाला त्याचा हुद्दा परत मिळाला तोही 1974 नंतरच.

आणि काशियशच्या किल्ल्यातला तुरुंग. 26 एप्रिलच्या रात्री त्याचे दरवाजे उघडले. स्पिनोलाला काही कैदी आतच ठेवायचे होते. कैदी म्हणाले, सुटू तर सगळे. बाहेर लोक जमलेले, त्यांचंही तेच. अखेर सगळे सुटले. याच किल्ल्यात आपले मोहन रानडे कित्येक वर्षं होते. सांगलीचा माणूस, गोव्यात मराठी शिकवायला आला आणि लढ्यात पडला. 1955 मध्ये पकडला, सुटला जानेवारी 1969 मध्ये. गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी हा माणूस लिस्बनजवळ कोठडीत! सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती जिवाचं रान केलं, ते जुन्या लोकांना आठवत असेल.

वर्षाचा शेवटही आमच्याकडेच. 31 डिसेंबर 1974, नवी दिल्ली. गोवा, दमण, दीव, दादरा नगर हवेली भारताचे असल्याचं पोर्तुगालने लेखी मान्य केलं. पोर्तुगालकडून सही मारियो सोआरेसची. एप्रिलपर्यंत हा गृहस्थ पॅरिसमध्ये निर्वासित होता. आणि भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. आमच्यासाठी खरी तारीख 19 डिसेंबर 1961 हीच. तेरा वर्षांनी आला तो कागद. पण तो कागद द्यायला सालाझार आणि कायतानो दोघंही कधीच तयार झाले नसते.

तळ्यातमळ्यात

शापोरा, उत्तम प्रतिसाद, आणि माझीच बाजू भक्कम केल्याबद्दल आभार. आपला 'गोवा' होऊ नये म्हणून कप्तान उठले, म्हणजे स्वतःची अब्रू वाचवायला. मी काय वेगळं म्हणतोय?

रानजाई

उठले कशासाठी ते तुम्ही सांगताय. त्या वर्षी झालं काय, त्याबद्दल अवाक्षर नाही.

7 मे ला तीन लेखिकांवरचा खटला निकाली निघाला. बाईच्या शरीराबद्दल मोकळेपणी लिहिलं म्हणून अश्लीलतेचा आरोप ठेवून त्यांना कोर्टात उभं केलं होतं. निर्दोष सुटल्या. बायकांना न्यायाधीश होण्याची बंदी होती ती त्याच वर्षी उठली. मे महिन्यात किमान वेतन ठरलं, 3300 एस्कुदो. 10 जूनला बेलेंमध्ये 48 चित्रकारांनी मिळून एक प्रचंड चित्र रंगवलं, हुकूमशाहीच्या 48 वर्षांसाठी 48 जण. (ते 1981 च्या आगीत गेलं, हळहळ वाटते.) 25 एप्रिललाच 'रेपुब्लिका' या वर्तमानपत्राने छापलं की हा अंक कुठल्याही सेन्सॉर समितीने तपासलेला नाही. ज्येष्ठतेच्या यादीत यातलं एक कलम दाखवा.

बंड 25 तारखेला संध्याकाळीच जिंकलं होतं. कप्तानांचा हेतू तिथे संपला असता तर स्पिनोलाच्या हाताखाली एक जरा सौम्य लष्करी राजवट आली असती आणि आपण आज हा धागा काढला नसता. त्याला तसं करू दिलं नाही ते 1 मे च्या गर्दीने, संपांनी आणि 28 सप्टेंबरला. त्या दिवशी त्याचे समर्थक 'मूक बहुसंख्या' म्हणून लिस्बनमध्ये जमणार होते आणि लोकांनी शहराच्या रस्त्यांवर अडथळे उभारून मोटारी तपासल्या. दोन दिवसांत गडी घरी गेला.

निवृत्त_हवालदार

त्या अडथळ्यांवर सैनिकही होते ताई.

रानजाई

होते. पण नंतर आले.

तळ्यातमळ्यात

नंतर की आधी, ते ठिकाणाठिकाणावर अवलंबून. कप्तानांनी वर्षभरात निवडणूक घेण्याचा शब्द मात्र पाळला, 25 एप्रिल 1975, मतदान 91 टक्क्यांच्या वर. बंडखोर सैन्याकडून जगात हे किती वेळा झालंय? श्रेय द्यायचंच तर मी ते तिथे देईन, फुलांना नाही. बाकी 1975 वर कोणीतरी वेगळा धागा काढा. त्या वर्षीच्या 25 नोव्हेंबरच्या लष्करी संघर्षावरून याहून जोरात जुंपेल.